पाहुण्यांचा साल्सा

सकाळी साडेसातला, कारखान्याचं फाटक दोन गल्ल्यांवर असताना, ठकीच्या उजव्या बुटाचा सोल निघाला. अर्धवट नव्हे, पार निघाला. पाय पुढे आणि सोल मागे रस्त्यावर, एखाद्या रुसलेल्या पोरासारखा पडलेला.

ठकी हे तिचं घरचं नाव. बाहेर ती इंजिनियर होती. औषधाच्या बाटल्या भरून त्यांना झाकणं लावणारी मशीनं बसवणं हे तिचं काम. वय एकोणतीस. कंपनीने तिला आठ आठवड्यांसाठी एकटीलाच परदेशी पाठवलं होतं, आणि ‘एकटीलाच’ हा शब्द तिच्या आप्पांनी अख्ख्या गल्लीला ऐकवून झाला होता. यायच्या आधी वर्षभर संध्याकाळचे वर्ग करून ती तिथली भाषा शिकली होती. व्याकरण लंगडत होतं, पण जीभ तिखट होती. इथली सगळी बोलणी त्या भाषेतली. आपण ती आपल्या भाषेत ऐकू.

सोल हातात धरून ती लंगडत कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. दुकान कसलं, एक लांबट खोली. भिंतीभर लाकडी पावलं टांगलेली, चामड्याचा आणि खळीचा वास, आणि मधोमध खाली मान घालून बसलेला एक बूटवाला. तिशीपुढचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

त्याने सोल उलटासुलटा करून पाहिला. “हा बूट गेला.”

“गेला म्हणजे? आठला माझं मशीन सुरू व्हायचंय. जिवंत करा त्याला.”

“किती वेळ आहे?”

“वीस मिनिटं.”

“वीस मिनिटांत मी फक्त श्रद्धांजली वाहू शकतो.” पण हात कामाला लागले होते. “बसा.”

ती एका पायावर मोजा सावरत बसली. त्याने बूट घासायचं चाक सुरू केलं, आणि ठकीच्या कपाळावर आठी पडली.

“तुमच्या मोटरचं बेअरिंग गेलंय.”

“चालतंय की.”

“चालत नाहीये, कण्हतंय. पंधरा दिवसांत बंद पडेल बघा.”

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. डोळे काळेभोर, आणि त्यात हसू यावं की नाही याचा विचार चाललेला... “नुसतं ऐकून कळलं?”

“माझे आप्पा मोटरींचं वाइंडिंग करतात. आमच्या घरात पाळण्यातल्या पोराला कळतं हे.”

तेवढ्यात वरचं छत थडथडलं. एकदा, दोनदा, मग सलग. टांगलेली लाकडी पावलं एकमेकांवर आपटायला लागली.

“वर काय, दंगल?”

“माझी आत्या. तिची साल्साची शाळा आहे. संध्याकाळी सहाला पाहुण्यांचा वर्ग असतो. या.”

“मला नाचबिच येत नाही. आमच्याकडे लग्नातसुद्धा मी पंख्याचं बटण शोधत उभी असते.”

“बेअरिंग ऐकू येतं ना? मग नाच येईल.” त्याने बूट पुढे केला. सोल असा बसला होता की जणू कधी निघालाच नव्हता.

संध्याकाळी साडेपाचला ती आली — एका हातात नवं बेअरिंग, दुसऱ्या हातात पाना. “आधी चाक,” ती म्हणाली, “मग नाच.”

वीस मिनिटं ती त्याच्या दुकानात जमिनीवर मांडी घालून बसली होती. तो दिवा धरून उभा होता. चाक सुरू केलं तेव्हा आवाजच आला नाही.  त्याने ते दोन वेळा बंद करून पुन्हा सुरू केलं, ऐकायला.

वरची खोली भली मोठी होती. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, खिडक्या उघड्या. आत्याबाई म्हणजे सहासष्ट वर्षांची, चणीने लहान, पाठ ताठ अशी बाई. तीस वर्षं त्यांनी शहरातली बस चालवली होती, आणि अजूनही खोलीतल्या प्रत्येकाकडे त्या ‘पुढे सरका’ अशाच नजरेने पाहत. सगळे त्यांना बाईच म्हणत. बाईंनी ठकीला खिडकीजवळ, दोन परदेशी पर्यटकांच्या शेजारी उभं केलं आणि भाच्याला खुणावलं. “हिचा जोडीदार तू.”

एक-दोन-तीन, थांबा. पाच-सहा-सात, थांबा. चौथा आणि आठवा ठोका रिकामा. ठकीला आकडे आवडत. तिसऱ्या दिवशी तिचे पाय जमले, दुसऱ्या आठवड्यात गिरक्या जमल्या. बूटवाला तिचा हात असा हलका धरायचा, की धरलाय की नाही याची खात्री करायला तिलाच बोटं घट्ट करावी लागायची...

“तुम्ही माझ्या पायांकडे का बघता सारखं?” तिने एकदा विचारलं.

“माझा धंदाच आहे तो.”

“आणि आत्ता चेहऱ्याकडे का बघताय?”

“आत्ता दुकान बंद आहे.”

ठकी लाजली, आणि आपण लाजलो म्हणून स्वतःवरच चिडली. “वा, छान,” बाई तिच्या शेजारून जाताना म्हणत. सगळ्यांनाच म्हणत. तिने फोनवर आप्पांना सांगितलं, “आप्पा, मी साल्सा शिकतेय.”  पलीकडून आप्पांचा आवाज, फोनपासून दूर — “अगं ऐकलंस का, ठकी नाचायला लागली!” आणि आईचा, त्याहून दूर — “जेवते का नीट, ते विचारा आधी.”

तिसरा आठवडा संपला त्या दिवशी कारखान्यात वीज नव्हती. ठकीला सकाळ मोकळी मिळाली. छत्री वर विसरली होती म्हणून ती सात वाजता जिना चढली. दार अर्धं उघडं होतं.

आत सकाळचा सराव चालला होता. गावातली माणसं — बेकरीतली बाई एप्रनसकट, दोन टपालवाले, शाळेत जायच्या आधी आलेली एक शिक्षिका. आणि मधोमध बूटवाला.

हे तिने शिकलेलं काहीतरी होतं, आणि मुळीच नव्हतं. खांदे स्थिर, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे, आणि कमरेखाली पाय... पाय दिसतच नव्हते. टाच, चवडा, टाच, आत, बाहेर, हवेत. गिरक्या जवळजवळ नाहीतच. सगळं बोलणं पायांचं. तो एक वाक्य बोलायचा, समोरची बेकरीवाली तिच्या पायांनी त्याला उलट उत्तर द्यायची, आणि सगळे हसायचे. ठकीने डोळे मिटून नुसतं ऐकलं. चौथा ठोका रिकामा नव्हता. आठवाही नव्हता. तिथेच तर सगळी गंमत भरलेली होती.

म्हणजे तीन आठवडे तिला चोथा दिला होता.

संगीत थांबलं. बूटवाल्याने वळून पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“तुम्ही माझ्याबरोबर अर्ध्या पायांनी नाचत होता,” ठकी म्हणाली.

तो जिन्यापर्यंत तिच्या मागे आला. “ऐका तरी. पाहुण्यांना सोपं शिकवायचं, हा आत्याचा नियम आहे. माणसं खूश होऊन जातात.”

“मी खूश व्हायला आले नव्हते. मी शिकायला आले होते.”

“खरं शिकायला पाच वर्षं लागतात. तुमच्याकडे आठ आठवडे!”

“पाच. तीन तुम्ही खाल्लेत.” तिचा आवाज थरथरला, त्याचाही तिला राग आला. “मी त्या कारखान्यात मशीन बसवतेय. तिथल्या लोकांना मी सांगितलं का, की तुम्हाला कळायचं नाही, नुसतं हिरवं बटण दाबा? एकेक स्क्रू दाखवते मी त्यांना. कारण मी गेल्यावर ते मशीन त्यांचं आहे. आणि तुम्ही... तुम्ही वा-छान-वा-छान करत माझा हात धरलात.”

 तो अगदी हळू म्हणाला, “हात धरला त्यात खोटं काही नव्हतं.”

ते तिने ऐकलं, पण न ऐकल्यासारखं करून ती सरळ आत बाईंसमोर गेली. “मला खरा नाच शिकवा.”

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग रिकाम्या बाकावर बसल्या आणि तिलाही बसायची खूण केली.

“हा नाच इथल्या गोदीतल्या हमालांचा आणि शिवणकारखान्यातल्या बायकांचा,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईचा. मोठ्या शहरांतले नाचणारे आले, त्यांनी बघितलं आणि हसले. म्हणाले, हा काय साल्सा? ही तर विंचू चावल्यावरची उडी. माझ्या भाच्याला त्यांनी त्यांच्या नाचाच्या कंपनीत घेतलं होतं, ठाऊक आहे? मोठा रंगमंच, दिवे, सगळं. अट एकच — गावचे पाय विसरायचे. दोन महिन्यांत परत आला हा. बूट शिवत बसला, पण पाय नाही विसरला. तेव्हापासून बाहेरच्याला आम्ही अर्धंच देतो. हसायचंय ना? मग अर्ध्यालाच हसा.”

“मी हसले का?” ठकीने विचारलं.



“उद्यापासून पहाटे साडेपाचला,” बाई म्हणाल्या. “आणि तुझ्या शेवटच्या रविवारी दुपारी, मागच्या अंगणात, आमची जुनी मंडळी बसतील. त्यांच्यासमोर नाचायचं. ते म्हणाले शिकली, तर शिकली. नाही म्हणाले, तर आयुष्यात कुणाला सांगायचं नाही की तू हा नाच इथे शिकलीस. आणि तुझ्याबरोबर जो उभा राहील, त्याचीही लाज जाईल. कोण राहील, ते तूच बघ.”

“मी राहीन,” दारातून आवाज आला.

ठकीने वळून पाहिलं नाही. पण तिचे कान लाल झाले होते, आणि ते त्याला मागूनही दिसत होते.

पुढचे पाच आठवडे ठकी पहाटे रडली, सकाळी कामावर गेली आणि संध्याकाळी पुन्हा जिना चढली. पोटऱ्या दगड झाल्या. टाचांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. एकदा ती सगळ्यांसमोर सपशेल आपटली. बाईंनी आता ‘वा, छान’ म्हणणं बंद केलं होतं. त्या म्हणत, “पुन्हा.” ठकीला त्या ‘पुन्हा’चा जो अभिमान वाटायचा, तो कॉलेजात पहिला नंबर आल्याचाही वाटला नव्हता.

बूटवाल्याने तिच्यासाठी नाचाचे बूट करायला घेतले. माप घेताना तो गुडघ्यावर बसला, तिचं पाऊल कागदावर ठेवलं आणि पेन्सिल भोवतीने फिरवली. पेन्सिल टाचेशी आली आणि रेंगाळली.

“काय झालं?”

“काही नाही... डावा पाय उजव्यापेक्षा जरासा लहान आहे.”

“माहीत नव्हतं.”

“आता आपल्या दोघांनाच माहीत आहे.”

त्या पाचातल्या चौथ्या आठवड्यात एका पहाटे गाण्यांचा डबा बंद पडला. ठकी पाना आणायला उठली, तर त्याने तिला अडवलं. “राहू दे. एक दिवस बिघडलेलं बिघडलेलं राहू दे.” त्याने तिचा तळहात उघडला आणि दोन बोटांनी त्यावर ताल धरला. एक-दोन-तीन, आणि चौथ्यावर दोन छोटे ठोके. पाच-सहा-सात, आणि आठव्यावर... आठव्यावर त्याची बोटं तशीच थांबली.

“आठवा रिकामा सोडलास,” ती म्हणाली. जीभ ‘तुम्ही’वरून कधी घसरली ते तिलाही कळलं नाही.

“तो तुझा आहे,” तो म्हणाला. “तू भर.”

खिडकीबाहेर रस्ता झाडणारी गाडी गेली. दोघं तसेच उभे. मग बाई खोकत जिना चढल्या — गरजेपेक्षा जरा जास्तच खोकत.

रविवार उजाडला. मागचं अंगण फरशीचं, एका बाजूला कपडे वाळत घातलेले. जुनी मंडळी चौघं होती: गोदीतून निवृत्त झालेला एक हमाल, एक न्हावी, बाईंबरोबर बसवर असलेली एक कंडक्टर, आणि मधल्या खुर्चीत शिवणकारखान्यातली शिलाईवाली. वय ब्याऐंशी, हातात काठी, चेहऱ्यावर काही नाही. कुंपणापलीकडे सकाळच्या सरावातले सगळे, आणि ठकीने न बोलावता आलेले तिच्या कारखान्यातले सहा फिटर.

बाईंनी गाणं लावलं. सगळ्यांत जलद होतं ते.

“घाबरलीस?” बूटवाल्याने ओठ न हलवता विचारलं.

“हो. तू?”

“पाय थरथरतायत. चांगलं आहे, तेवढाच वेग जास्त.”

ती हसली, आणि त्या हसण्यातच पहिली पावलं पडली. टाच, चवडा, टाच. खांदे स्थिर. चौथा भरला, आठवा भरला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. हमालाने मान डोलवायला सुरुवात केली. आणि तिसऱ्याच्या मध्यावर, जिथे हजार वेळा चुकली नव्हती तिथे, ठकीची डावी टाच फरशीच्या फटीत अडकली. ठोका गेला.

पाहुण्यांच्या वर्गात अशा वेळी तो तिला गिरकी देऊन सावरून घ्यायचा. कुणाला कळलंही नसतं. आज त्याने तिचा हात सोडला. एक पाऊल मागे गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला — पायांनी प्रश्न विचारत. भांडणाच्या आवेशात. आता बोल!

तिला क्षणभर संताप आला. मग कळलं, हा तिला सांभाळत नाहीये. हा तिच्यावर विसंबलाय.

ठकीने आठवा ठोका येऊ दिला आणि त्यात शिकवलेल्या दोनांऐवजी तीन पावलं भरली. तुटक, कोरडी, शेवटचं जरा दाबून. टक-टक-टाक्. कुंपणापलीकडून सहा फिटर एकदम ओरडले. तो त्यांच्या मशीनचा आवाज होता: बाटली येते, झाकण बसतं, आवळलं जातं. बूटवाल्याचे डोळे विस्फारले, पण पायांनी लगेच तेच उत्तर परत फेकलं, आणि मग दोघं अंगणभर असे भांडले, की वाळत घातलेल्या चादरीसुद्धा बाजूला सरल्या असतील.

गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे मधल्या खुर्चीकडे बघत होते.

“ते तीनचं काय होतं?” शिलाईवालीने विचारलं. “ते आमच्यात नाही.”

“नाही,” ठकी धापा टाकत म्हणाली. “ते माझं आहे. माझ्या मशीनचं.”

म्हातारीने काठी न्हाव्याच्या हातात दिली. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली. पदर नव्हता, पण खोचल्यासारखं तिने झग्याचं टोक धरलं आणि फरशीवर पाय टेकवला. टक... टक... टाक्. चुकलं. तिने पुन्हा केलं. या वेळी बरोबर आलं.

“आमच्या कारखान्यातही असंच वाजायचं,” ती म्हणाली, आणि बाईंकडे वळली. “उद्या सकाळच्यांना शिकव हे.”

मग टाळ्या वाजल्या. बाईंनी ठकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तीस वर्षं बस चालवलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. ठकी ताठ उभी होती. इतकी ताठ ती कधीच उभी राहिली नव्हती.

बूटवाला मात्र गर्दीत मागे राहिला होता. बुधवारी तिचं विमान होतं, आणि ते दोघांनाही पाठ होतं.

मंगळवारी मशीन कारखान्याच्या ताब्यात द्यायचं होतं. दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याने निरोप आणला — कुणीतरी भेटायला आलंय, धुतलेला शर्ट घालून. ठकीने बूटवाल्याला कानात घालायला बोळे दिले आणि आत नेलं.

तिने हात वर केला. पंचवीस माणसं तिच्या हाताकडे बघत थांबली. तिने हात खाली आणला आणि बाटल्यांची रांग सुरू झाली, मिनिटाला एकशेवीस, चकाकत, न अडखळता. एक फिटर पुढे येऊन काही विचारू लागला, तर तिने नुसतं बोट दाखवलं आणि तो समजला. बूटवाला भिंतीला टेकून हे सगळं बघत राहिला.

बाहेर अंगणात आल्यावर त्याने कानातले बोळे काढले. “मी इथे एक वाक्य पाठ करून आलो होतो,” तो म्हणाला. “जाऊ नकोस, असं. आता ते म्हणणार नाही. हे बघितल्यावर तर नाहीच.”

 “मग... काय म्हणणार?”

“मी येतो, म्हणणार. माझं दुकान दोन पेट्यांत मावतं. तुमच्याकडे लोकांना पाय असतीलच ना?”

“असतात. बहुतेकांना दोन-दोन.”

“मग झालं तर.”

“नाही झालं.” तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “इथे दुसरं मशीन बसायचंय, दीड वर्षाचं काम. मी सकाळीच साहेबांना कळवलं, ते माझ्याशिवाय कुणाला देऊ नका म्हणून. त्यांनी होकार दिलाय. दोन महिन्यांत परत येतेय मी. आणि तुझ्यासाठी नाही हं...”

“नाही?”

“मशीनसाठी,” ती म्हणाली. मग त्याच्या डोळ्यांत बघून, “आणि तुझ्यासाठी. तुझ्यासाठी जास्त. मला तू हवा आहेस. दीड वर्षानंतर कुठे राहायचं ते भांडून ठरवू, पण राहायचं एकत्र.”

“म्हणजे माझ्याआधीच तू साहेबांना विचारलंस?”

“सकाळी साडेनऊला.”

“तुझ्याबरोबरच राहायचं, हे मी रविवारीच ठरवलं होतं!”

“ठरवलंस. विचारलं मी.” ती हसली, आणि त्याने तिचा हात धरला. या वेळी हलका मुळीच नाही.

तिथूनच, त्या अंगणातूनच, तिने घरी फोन लावला. पडद्यावर आप्पा आले, मागे तांब्याच्या तारेची रिळं, चष्मा कपाळावर. ठकीने एका दमात सांगून टाकलं. आप्पांनी चष्मा खाली ओढला.

“काय करतो तो?”

“बूट शिवतो, आप्पा.”

मागून आईचं “अगं बाई” ऐकू आलं. आप्पांनी मागे न बघता हात वर करून तिला थांबवलं.

“स्वतःच्या हाताने शिवतो?”

“स्वतःच्या हाताने. आणि असे शिवतो, आप्पा, की...” 

“दाखव हात.”

तिने बूटवाल्याला सांगितलं. त्याला वाटलं आपलं ऐकण्यात काही चुकलं. मग त्याने दोन्ही हात फोनसमोर धरले: नखांत खळ, अंगठ्याला सुईचे जुने वण, तर्जनीवर दोऱ्याने पडलेली खोल घडी. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपला फोन रिळांना टेकवून उभा केला, आणि तारेने चिरलेले, वार्निशने पिवळे पडलेले आपले दोन्ही हात तसेच वर धरले. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. ठकी मध्ये उभी राहिली आणि तिने काहीही भाषांतर केलं नाही.